शिळं पाणी, ताजं पाणी: नमुन्याच्या बाटलीवर तारीख टाकणाऱ्या साहेबांना खुलं पत्र

प्रति,
पाण्याचे नमुने गोळा करणारे, रिपोर्टवर सही करणारे आणि त्या रिपोर्टवरून योजना पास करणारे सगळे साहेब आणि मॅडम,

सप्रेम नमस्कार.

कोकणातल्या, सह्याद्रीच्या पायथ्याच्या एका वाडीतून लिहितोय. वाडीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण कुणा एकाची तक्रार करायची नाहीये आणि माझी खात्री आहे की असल्या वाड्या शंभर असतील.

मागच्या पावसाळ्यात भर जुलैत तुमच्याकडून एक पोरगा आला होता. धो धो पाऊस, अंगात रेनकोट, बाईक साकवाच्या अलीकडे लावली, खाली उतरला, पऱ्याच्या (डोंगरातून येणाऱ्या ओढ्याला आमच्याकडे पऱ्या म्हणतात) कडेला वाकून बाटली बुडवली, झाकण लावलं, स्टिकरवर गाव, वाडी, स्रोत, तारीख सगळं नीट लिहिलं, चहाला थांब म्हटलं तर म्हणाला अजून चार वाड्या बाकी आहेत काका, आणि गेला. पोराची काही चूक नाही, त्याला जे सांगितलं ते त्याने मन लावून केलं. महिन्याभराने कागद आला, रासायनिकदृष्ट्या पाणी पिण्यायोग्य. तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर अजून चिकटवलेला आहे, एक कोपरा वाळवीने खाल्लाय तेवढाच.

मग एप्रिल उजाडला. ह्याच पऱ्याच्या वरच्या झऱ्यावरून ग्रॅव्हिटीने जे पाणी टाकीत येतं त्याने चहाच्या पातेल्याला पांढरा थर धरायला सुरुवात केली, चव बदलली, आणि मग नेहमीचं सुरू झालं की वरच्या प्लॉटवाल्याने काहीतरी सोडलं असणार, पाईप सडला असणार वगैरे. फोन केला तर उत्तर आलं की रिपोर्ट ओके आहे ना, मग प्रॉब्लेम काय.

प्रॉब्लेम एवढाच आहे साहेब, की तुमचा रिपोर्ट खरा आणि आमचं पातेलंही खरं. जुलैत बाटलीत गेलेलं पाणी आणि एप्रिलमध्ये नळाला आलेलं पाणी ही दोन वेगळी पाणी आहेत. डोंगर तोच, झरा तोच, पण पाण्याचं वय वेगळं. तुमच्या स्टिकरवर सगळं होतं, वयाचा रकाना तेवढा नव्हता.

पाण्याला कसलं आलंय वय, असं वाटेल. आमची आजी रोज सकाळी हंड्यातलं उरलेलं पाणी झाडाला ओतायची, कालचं शिळं झालं, ताजं भरून आण म्हणायची. आणि आम्ही पोरं दहा मिनिटं चढून झऱ्यावरून "ताजं" पाणी आणायचो. आता कळतं की हंड्यातलं पाणी फार तर एका दिवसाने शिळं होतं, झऱ्यातलं मात्र डोंगराच्या पोटात किती महिने, किती वर्षं पडून आलेलं असेल ते तिलाही माहीत नव्हतं आणि मलाही. पाऊस जमिनीवर पडला त्या दिवसापासून ते पऱ्यात बाहेर पडला त्या दिवसापर्यंतचा काळ, हे पाण्याचं वय. एवढी सोपी गोष्ट आहे.

पण हे वय एका आकड्यात बसत नाही, तिथेच गोम आहे. पेलाभर पाण्यात काही थेंब परवाच्या पावसाचे, काही मागच्या श्रावणातले, काही माझी मुलगी शाळेत गेली त्या वर्षीचे. ग्रामसभेला जमलेल्या माणसांचं सरासरी वय चाळीस आलं म्हणून सगळे चाळिशीचे नसतात ना, पुढच्या बाकावर म्हातारे आणि मागे दाराशी मोबाईलवर पोरं, तसंच. आणि पावसाळ्यात पोरं जास्त येतात, उन्हाळ्यात नुसते म्हातारे उरतात, हे पऱ्याच्या बाबतीत अगदी तंतोतंत.

अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या जंगलांमध्ये यावर पन्नास-साठ वर्षं काम चाललंय आणि त्यातून एक गोष्ट बाहेर आली जी मला पहिल्यांदा वाचली तेव्हा पटलीच नव्हती. जोराचा पाऊस आला, तासाभरात पऱ्या फुगला, तर आपण म्हणणार की आकाशातलं पाणी सरळ पऱ्यात आलं. दमट हवेच्या जंगलात पुष्कळ ठिकाणी तसं नसतं. पुराच्या पाण्याचा मोठा वाटा आधीपासून मातीत आणि दगडात साठलेल्या जुन्या पाण्याचा असतो. न्यूझीलंडमध्ये माईमाई नावाचं एक छोटं जंगलाचं पाणलोट आहे, तिथे १९७९ च्या सुमारास एकाने मातीत रंग ओतून बघितला, तर मुळांच्या आणि मातीतल्या भोकांमधून रंग भराभर खाली आला, मग म्हणाले बघा, नवीन पाणीच धावतंय. पुढे १९८६ ला दुसऱ्यांनी पाण्याचे आयसोटोप, म्हणजे पाण्यातल्या ऑक्सिजन-हायड्रोजनचे हलके-जड अणू, तपासले तर पऱ्यातलं बहुतेक पाणी जुनं. चांगली दहा वर्षं त्यांचं हे चाललं होतं, आणि शेवटी निघालं असं की दोघांचंही बरोबर. वाट खरंच वेगवान, पण त्या वाटेवर नवीन पाणी आत शिरून साठलेल्या जुन्या पाण्यात मिसळतं आणि बाहेर ढकललं जातं ते मुख्यतः जुनं.

हे समजायला कलमांच्या बागेतला काळा पाईप बघा. दुपारभर उन्हात पडलेला असतो, वर टाकीचा व्हॉल्व्ह उघडला की खालच्या टोकाला लगेच पाणी येतं, पण हात लावून बघा, चटका बसतो. ते टाकीतलं गार पाणी नाहीच, सकाळपासून पाईपमध्ये अडकलेलं आहे. धक्का क्षणात पोचतो, पाणी मागाहून सावकाश येतं. डोंगराचं तेच आहे, फक्त पाईपची लांबी आपल्याला माहीत नाही.

आता यात रसायन कुठे आलं, ते सांगतो. पावसाचं पाणी जवळजवळ रिकामं असतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून थोडं आंबट झालेलं, आणि आपल्याकडे समुद्र जवळ म्हणून चिमूटभर मीठ. ते जंगलाच्या मातीत शिरतं तेव्हा तिथली हवा आपल्या हवेपेक्षा वेगळी असते, मुळं आणि किडे-बुरशी सतत श्वास सोडत असतात त्यामुळे कार्बन डायऑक्साइड बाहेरच्यापेक्षा कित्येक पट जास्त. म्हणजे पाणी आणखी आंबट होतं आणि मग ते दगडाला खायला लागतं. आपला काळा पाषाण म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, त्यातून कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, सिलिका सुटतं आणि आंबटपणा संपून बायकार्बोनेट तयार होतं. ही खाण्याची क्रिया सावकाश आहे. पाणी जितके जास्त दिवस दगडाशी बसेल तितकं भरेल, निदान ते पुरतं भरून जाईपर्यंत. म्हणून एप्रिलचा झरा, ज्यात फक्त खोल भेगांमधलं म्हातारं पाणी उरलेलं असतं, तो पातेल्याला थर देतो. चुना कुणी टाकला नाही साहेब, डोंगराने टाकला.

उलट जूनच्या शेवटी, जमीन भिजून पाण्याची पातळी वर चढते, पालापाचोळ्याच्या थरापर्यंत येते, तेव्हा पऱ्याचं पाणी फिक्या चहासारखं दिसतं. ते पाणी जुनं असो की नवं, बाहेर येताना त्याने शेवटचा हात वरच्या मातीशी मिळवलेला असतो, म्हणून त्यात सेंद्रिय पदार्थ जास्त आणि दगडाचे क्षार कमी. म्हणजे नुसतं वय धरूनही चालत नाही, ते वय कुठे घालवलं तेही बघावं लागतं. आमच्या वरच्या सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या सपाटीवर, जांभा आहे. जांभा म्हणजे पावसाने हजारो-लाखो वर्षं धुऊन धुऊन उरलेला दगड, लोह आणि ॲल्युमिनियम राहिलंय, विरघळण्यासारखं बाकी जवळपास सगळं गेलंय. त्यामुळे जांभ्यातून आलेलं पाणी कितीही दिवस आत बसलं तरी हलकंच राहतं, थोडं आंबट, लोखंडी पाईप खाणारं. तेच पाणी खाली उतरून मुरूम आणि भेगाळ काळ्या दगडात गेलं की भरतं. एकाच डोंगरावर दोन झरे, दोन चवी, जुनी माणसं हे बरोबर सांगतात की ह्या पाण्याचा चहा चांगला आणि त्या पाण्याची भाकरी.

मी साधा टीडीएस पेन घेतलाय, पाण्यात विरघळलेले क्षार दाखवणारा, ऑनलाइन मिळतो तो. जुलैत आकडा दोन अंकी, एप्रिलमध्ये तीन अंकी. आता हा पेन काही वय मोजत नाही, तो खरंतर पाण्यातून वीज किती जाते तेवढंच मोजतो आणि एका आकड्याने गुणून दाखवतो, आणि सिलिका तर त्याला दिसतच नाही कारण आपल्या पाण्यात विरघळलेल्या सिलिकेवर विजेचा भारच नसतो. तरीपण दर आठवड्याला एकाच जागी मोजला तर पऱ्यात म्हातारं पाणी किती आणि पोरं किती याचा अंदाज नक्की येतो.

ह्याच गोष्टीवर एक बाजारही चाललाय, तो तुमच्या कानावर घालतो. दर उन्हाळ्यात आमच्याकडे फिल्टर विकणारे येतात. पेल्यात दोन दांड्या बुडवतात, वायर लावतात, दोन मिनिटांत तुमचं पाणी तपकिरी चिखल, आणि त्यांच्या मशीनचं पाणी स्वच्छ. बायका घाबरतात. तो चिखल पाण्यातला नाही, त्या लोखंडी दांडीचाच गंज आहे. पाण्यात क्षार असले की वीज वाहते आणि दांडी झिजते, क्षार काढून टाकले की वीज वाहत नाही, एवढंच. मजा म्हणजे हा खेळ एप्रिल-मेमध्ये छान जमतो, जुलैत करून दाखवा म्हणावं, तेव्हा पऱ्याचं तरुण पाणी त्यांच्या दांडीला दाद देणार नाही. आणि खरी काळजी तर जुलैतच करायला हवी.

का ते सांगतो. जे पाणी आजच पडलं आणि गोठ्याच्या मागून, गुरांच्या वाटेवरून आजच पऱ्यात आलं, त्यात क्षार नाहीत पण शेणातले जंतू जिवंत आहेत. मातीतून हळूहळू गाळत जाताना जंतू अडकतात, मरतात, त्याला दिवस लागतात. जर्मनीमध्ये पिण्याच्या पाण्याच्या विहिरीभोवती जो संरक्षित पट्टा आखतात त्याची एक हद्द पन्नास दिवसांची असते, मीटरची नव्हे हो, दिवसांची. जिथून पाणी विहिरीपर्यंत यायला पन्नास दिवस लागतात तिथपर्यंत काय करायचं नाही ते कायद्याने ठरलेलं. इंग्लंडमध्येही पहिला पट्टा पन्नास दिवसांचाच. म्हणजे पाण्याच्या वयावर कायदा उभा राहू शकतो, नुसतं प्राध्यापकांचं खूळ नाही ते.

आणि सरासरीने फसू नये याचा धडाही आहे. न्यूझीलंडमध्ये पाण्याचं वय तपासून विहिरींना "सुरक्षित" ठरवायची पद्धत होती, एक वर्षाहून तरुण पाणी जवळजवळ शून्य असलं पाहिजे असा नियम. तरी २०१६ च्या ऑगस्टमध्ये हॅवलॉक नॉर्थ नावाच्या गावात जोराच्या पावसानंतर मेंढ्यांच्या लेंड्यांचं पाणी विहिरीत शिरलं आणि हजारो लोक आजारी पडले, काही दगावले. नंतर चौकशी झाली आणि ती "सुरक्षित" म्हणायची पद्धतच मोडीत काढा असा निष्कर्ष निघाला. बहुतेक पाणी म्हातारं असून उपयोग नाही, एक वाट चोरून तरुण पाणी आत आणत असली तरी पुरे.

म्हणून म्हणतो, जुलैची बाटली क्षारांसाठी तपासून पाणी ठीक म्हणणं आणि एप्रिलची बाटली जंतूंसाठी तपासून पाणी ठीक म्हणणं, दोन्ही एकाच जातीची चूक आहे.

आता जंगलाबद्दल, कारण खरी भीती तिथे आहे. झऱ्याच्या वरच्या अंगाला खासगी रान आहे, दोन वर्षांपूर्वी त्यातला एक मोठा तुकडा साफ झाला, जेसीबीने रस्ता झाला, प्लॉट पडले. तेव्हा ग्रामसभेत विषय निघाला तर सांगण्यात आलं की झाडं तोडल्यावर झऱ्याचं पाणी तपासलं, काही फरक नाही. लगेच तपासलं होतं ना. त्या दिवशी झऱ्यातून निघालेलं पाणी झाडं उभी होती तेव्हा पडलेलं होतं! कुऱ्हाड आज पडली तर त्याचा हिशेब पऱ्यात आज येईलच असं नाही, थोडा लगेच येतो आणि बाकीचा हप्त्याहप्त्याने, वर्षानुवर्षं.

अमेरिकेत न्यू हॅम्पशायरच्या डोंगरात हबर्ड ब्रूक म्हणून प्रयोगाचं जंगल आहे, १९५५ पासून. बोरमन, लायकेन्स वगैरे मंडळींनी १९६३ पासून तिथल्या ओढ्यांचं पाणी नियमाने तपासायला घेतलं, आणि तिथल्याच पावसाच्या नमुन्यांवरून उत्तर अमेरिकेतला आम्ल पाऊस उजेडात आला. १९६५ च्या हिवाळ्यात त्यांनी साडेपंधरा हेक्टरचं एक अख्खं पाणलोट तोडलं, लाकूड तिथेच पडू दिलं आणि पुढचे तीन उन्हाळे औषध फवारून काही उगवू दिलं नाही. ओढ्यातलं नायट्रेट पहिल्या वर्षी चाळीस पटीच्या वर, दुसऱ्या वर्षी पन्नास पटीच्या वर गेलं. कॅल्शियम, मॅग्नेशियम चौपट-पाचपट. झाडं जो नायट्रोजन मुळांनी ओढून घ्यायची तो ओढायला कुणी उरलं नाही म्हणून मातीतला नायट्रोजन पाण्याबरोबर चालता झाला. तिथे बर्फाळ प्रदेशातली उथळ माती आहे, पाणी फार दिवस आत बसत नाही, म्हणून काही महिन्यांत कळलं. जिथे पाणी वर्षानुवर्षं मुरतं तिथे ही बातमी उशिरा येते, पण येते.

आणि उलटही तेवढंच उशिरा. अमेरिकेने १९७० आणि १९९० मध्ये हवेचे कायदे कडक केले, पावसातली आम्लं कमी झाली, तरी हबर्ड ब्रूकचे ओढे पटकन सुधारले नाहीत. १९९६ साली लायकेन्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की तोवर आम्ल पावसाने मातीतलं कॅल्शियम मोठ्या प्रमाणात धुऊन नेलं होतं, पाऊस बरा झाला तरी मातीचं दुखणं राहिलं.

वेल्समध्ये प्लिनलिमन नावाचा डोंगर आहे, सेव्हर्न आणि वाय या दोन नद्यांचा उगम, आपल्या महाबळेश्वरासारखाच नद्या वाटणारा. समुद्राकडून येणाऱ्या पावसात मीठ असतं, एका वादळात खूप, दुसऱ्यात कमी. जेम्स किर्शनर, शियाहोंग फेंग आणि कॉलिन नील या शास्त्रज्ञांनी पावसातलं मीठ आणि ओढ्यातलं मीठ शेजारी ठेवून बघितलं. पावसाचा आलेख उड्या मारतोय आणि ओढ्याचा जवळजवळ शांत. २००० साली त्यांनी मांडलेलं गणित आपल्या कामाचं आहे. अशा पाणलोटात काही घाण पडली तर तिचा पहिला भाग फार लवकर बाहेर येतो आणि शेवटचा भाग फार फार उशिरा, शेपटी संपतच नाही. म्हणजे वरच्या प्लॉटवर कुणी खत-औषध ओतायला लागलं तर पहिल्या पावसात थोडं दिसेल, मग लोक म्हणतील गेलं, आणि ते दहा वर्षं थेंब थेंब येत राहील.

हे सगळं गोऱ्यांच्या जंगलातलं, आपल्याकडे चार महिने पाऊस आणि आठ महिने ठणठणाट, आपलं गणित वेगळं, असं म्हणाल तर बरोबर आहे, मी स्वतः तेच म्हणेन. पावसातल्या ऑक्सिजनच्या आयसोटोपची लाट, म्हणजे ऋतूंप्रमाणे होणारा चढउतार, बारा महिने मोजून ओढ्याच्या लाटेशी ताडून बघायची ही त्यांची लाडकी पद्धत, आपल्याकडे आठ महिने पाऊसच नाही तर लाट कशाची मोजणार. पण आपल्या जवळपासही काम झालंय. कर्नाटकात बंदीपूरच्या रानात मुळेहोळ नावाचं चारेक चौरस किलोमीटरचं पाणलोट आहे, बंगळुरूचे आणि फ्रान्सचे शास्त्रज्ञ मिळून तिथे कित्येक वर्षं मोजतायत. तिथे कळलं की ओढ्याच्या तळाखाली भूजल तिसेक मीटर आणि त्याहूनही खोल आहे, ते ओढ्यात येतच नाही. ओढा फक्त पावसात वाहतो आणि त्यात वरवरचं तरुण पाणी. म्हणजे नुसता ओढा तपासला असता तर वाटलं असतं की हे जंगल दगड फारसा झिजवत नाही, आणि झिजवलेला सगळा माल खालून गुपचूप चाललेला. शिवाय ओढ्यातली बरीचशी सिलिका तिथे दगडातून सरळ येत नाही, झाडपाल्यातून फिरून येते. गवत आणि बांबू पानांत काच साठवतात म्हणा ना.

आणि त्याहून जवळ, उत्तर कन्नड जिल्ह्यात, सह्याद्रीतच, चांगलं जंगल, तुटलेलं जंगल आणि आकेशियाची लागवड अशी तुलना झालीय. तुटलेल्या रानात पाणी जास्त वेगाने वरून निघून जातं, चांगल्या रानात जास्त मुरतं. वयाच्या भाषेत सांगायचं तर जंगल तुटलं की पऱ्यातलं पाणी पावसाळ्यात तरुण होतं आणि उन्हाळ्यासाठी म्हातारं शिल्लकच राहत नाही. झरा मार्चमध्ये आटला म्हणून आपण टँकर मागतो तेव्हा ह्याच गोष्टीची तक्रार करत असतो, फक्त शब्द वेगळा.

एक आकडा जगभराचाही आहे, २०१६ साली २५४ नद्या-ओढ्यांचा हिशेब करून निघालं की नद्यांमधलं साधारण एक तृतीयांश पाणी दोन-तीन महिन्यांपेक्षा तरुण असतं. आणि चमत्कारिक म्हणजे डोंगराळ, चढाच्या भागात तरुण पाणी कमी. मला उलटं वाटायचं. चढावर पाणी घसरून जातं असं शाळेत शिकलोय ना आपण, पण डोंगरात ते भेगांमधून खोल उतरतं.

तर मागणी काय. मला लॅब नको, इमारत नको, उद्घाटन तर मुळीच नको.

बाटलीच्या स्टिकरवर तीन गोष्टी जास्त लिहा. त्या दिवशी धार किती होती, बादली आणि मोबाईलचं घड्याळ घेऊन दोन मिनिटांत होतं, बादली किती सेकंदात भरली एवढंच. पाण्याचं तापमान किती, कारण बारा महिने एकाच तापमानाचा झरा खोलवरचा असतो आणि हवेबरोबर तापणारा-गारठणारा झरा उथळ. आणि मागच्या तीन दिवसांत पाऊस किती झाला, तो तालुक्याच्या पर्जन्यमापकावरून मिळतो, नाहीतर आमच्या मास्तरांना विचारा, त्यांनी शाळेच्या छपरावर डबा ठेवलाय. हे तीन आकडे नसले तर तुमचा कॅल्शियमचा आणि नायट्रेटचा आकडा म्हणजे जन्मतारीख नसलेल्या पोराची उंची. जास्त की कमी, कुणाच्या मापाने ठरवणार?

दुसरं, नमुना साकवाखाली घेऊ नका, आम्ही साकवाखालचं पीत नाही. झऱ्याच्या तोंडाशी घ्या, वर चढावं लागेल. आणि वर्षातून एकदा नको. एक मिरगाच्या पहिल्या लोंढ्यात, एक भर पावसात, एक गणपतीनंतर पाऊस सुटल्यावर आणि एक शिमग्याच्या पुढे उन्हाळ्यात. पहिल्या दोनमध्ये जंतू बघा, शेवटच्या दोनमध्ये क्षार, आणि नायट्रेट चारीमध्ये, त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे हे तुम्हाला मी सांगायला नको. आज आमचं त्याच्या जवळपासही नसेल, माझा मुद्दा आजच्या आकड्याचा नाहीच, पाच वर्षांनी तो कुठे चाललाय ते दिसण्यापुरता आहे.

तिसरं जरा खर्चाचं आहे. एकदाच, एका उन्हाळ्यात, जिल्ह्यातल्या मोठ्या झऱ्यांचं ट्रिटियम, म्हणजे पाण्यातला किरणोत्सर्गी हायड्रोजन, तपासून घ्या. पन्नास-साठच्या दशकांत हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांनी जगभरच्या पावसात ट्रिटियम ओतलं गेलं, १९६३ च्या आसपास कळस होता, आणि दर बारा वर्षं आणि थोड्या महिन्यांनी ते अर्धं होतं. मुंबईच्या पावसाचे नमुनेसुद्धा साठच्या दशकापासून आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या जाळ्यात मोजले गेलेत. आता बॉम्बचं ट्रिटियम जवळपास संपलं, तरी झऱ्याचं पाणी दोन-चार वर्षांचं की पन्नासच्या पलीकडचं एवढा फरक त्यातून अजून कळतो. जो झरा दोन-चार वर्षांचा निघेल तिथे वरच्या अंगाची तोड, गोठे, शौचालयाचे खड्डे यांना आधी हात घाला, कारण तिथे चूक केली तर ती ह्याच सरपंचाच्या टर्ममध्ये नळाला येईल. जो झरा पन्नासचा निघेल तिथे घाई नाही असं मात्र समजू नका, तिथे आज केलेली चूक आमची नातवंडं पितील आणि तेव्हा ह्या फाईलवर सही कुणाची होती ते शोधायला कुणी जाणार नाही.

आणि तो भिंतीवरचा जुलैचा कागद, तो काढू नका, राहू दे. त्याच्या शेजारी एप्रिलचा लावा.

पुढच्या वेळी याल तेव्हा आदल्या दिवशी फोन करा. शिमग्यानंतर आलात तर वाट कोरडी असते, मी स्वतः वर झऱ्यापर्यंत घेऊन जाईन, वीस मिनिटांची चढण आहे, जळवा नसतात तेव्हा. पोराला सांगा बाटल्या चार आण आणि चहाला थांबायचं आहे, त्याच झऱ्याच्या पाण्याचा, थर धरलेल्या पातेल्यात केलेला.

आपला,
वाडीतला एक पाणी पिणारा